निर्यातीची द्राक्षं: तोडणीपासून न्हावा शेवापर्यंत तापमान कसं सांभाळायचं

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तासगाव भागातल्या कुठल्याही बागेत सकाळी अकराला जा. उन्हाकडच्या घडातला एक मणी तोडा आणि त्यात थर्मामीटरची सुई घाला. सावलीत 32 अंश सेल्सिअस असेल, तर हा मणी सहज 36-37 दाखवतो. याच मण्याला एका दिवसात 0 अंशाजवळ आणायचं आणि पुढे महिनाभर तिथून हलू द्यायचं नाही, एवढंच आपलं काम आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण बाग, पिकअप, पॅकहाऊस, प्रीकूलिंग (साठवणीआधी माल झपाट्याने गार करणं), शीतगृह, कंटेनर, घाट आणि बंदर एवढ्या हातांतून माल जातो, आणि प्रत्येकाला वाटतं की थंड करणं हे पुढच्याचं काम.

पूर्वी थोडी ढिलाई खपून जायची. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. युरोपचा प्रवास त्यामुळे दहा-पंधरा दिवसांनी लांबला. तीन-साडेतीन आठवड्यांत जी चूक दिसायची नाही, ती पाच आठवड्यांनी पेटी उघडल्यावर तपकिरी देठ होऊन समोर येते.

या लेखात मी एकाच आकड्याच्या मागे चाललोय: मण्याच्या आतलं तापमान. पॅकहाऊसमध्ये याला पल्प टेंपरेचर म्हणतात. खोलीच्या भिंतीवरचा डिस्प्ले हवेचं तापमान सांगतो, आणि आपण हवा विकत नाही.

आधी हिशेब: उशिराची किंमत

द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, गोडही होत नाही. वेलीवर होतं ते शिखर, पुढे फक्त उतार. उतार किती तीव्र असेल ते तापमान ठरवतं. दर 10 अंशांमागे मण्याचा श्वसनवेग साधारण दोन ते तीन पट होतो. पण द्राक्षात त्याहून मोठा शत्रू आहे पाणी उडणं. 30 अंशांची, 30 टक्के आर्द्रतेची दुपारची हवा फळातून जेवढ्या जोराने पाणी ओढते, त्याच्या पन्नास-साठाव्या हिश्श्याने 0 अंशांची, 90-92 टक्के आर्द्रतेची हवा ओढते. म्हणजे बांधावरच्या क्रेटमध्ये गेलेला एक तास हा शीतगृहातल्या दोन दिवसांहून महाग आहे.

पहिला मार देठाला बसतो. मण्याला जाड साल आणि वर मेणचट लव असते, देठाला यातलं काहीच नसतं. घडाचं वजन जेमतेम 2 टक्के घटलं की देठ तपकिरी व्हायला लागतो. तिकडचा ग्राहक पनेट (प्लास्टिकची छोटी डबी) उचलून आधी देठच बघतो. मणी कितीही कडक असो, देठ वाळला की माल जुना ठरला.

तिसरी गोष्ट करडी बुरशी, बोट्रायटिस. ती 0 अंशालाही पूर्ण थांबत नाही, फक्त रांगते. म्हणून थंडीच्या जोडीला सल्फरचे पॅड लागतात. त्याबद्दल पुढे.

थर्मामीटर आधी तपासा

हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे डिसेंबरअखेर, सगळे थर्मामीटर एका टेबलावर मांडा. बर्फाचा बारीक चुरा ग्लासात ठासून भरा, त्यावर स्वच्छ, शक्यतो डिस्टिल्ड, गार पाणी चुरा भिजेल एवढंच ओता. पाच मिनिटं थांबून ढवळा. सुई मध्यभागी धरा, तळाला आणि काचेला लागू देऊ नका. आकडा स्थिरावला की 0 यायला हवा. 0.3 आला तर थर्मामीटरवर पट्टी चिकटवून तसं लिहा. 1 अंशाचा फरक असेल तर तो थर्मामीटर चहाच्या खोलीत द्या. काही जण उकळत्या पाण्यात तपासतात. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि आपल्या कामाचं टोकही ते नाही. बर्फच बरा.

दर आठवड्याला हे पुन्हा करा. दहा मिनिटांचं काम आहे.

सुई बारीक हवी. जाड सुई मण्यात घातली की स्वतःचीच उष्णता आत सोडते आणि आकडा चुकतो. घड पेटीच्या मधला निवडा, वरचा नको. त्यातला जाड मणी घ्या, सुईचं टोक गराच्या मध्यावर ठेवा आणि आकडा थांबेपर्यंत वाट बघा. टोचलेला मणी काढून टाका. तो पेटीत राहिला तर त्याचा रस बुरशीला आमंत्रण देतो.

आणि ते पिस्तुलासारखं इन्फ्रारेड यंत्र? गेटवर क्रेट तपासायला, ‘हा ढीग उन्हात उभा होता का’ एवढं बघायला ठीक आहे. ते फक्त पृष्ठभाग वाचतं, आणि प्लास्टिकवरून मारलं तर प्लास्टिकच वाचतं. प्रीकूलिंग झालं की नाही याचा निकाल त्याच्यावर कधीही लावू नका. थंड हवेत साल तासाभरात गार होते, गर मागे राहतो.

तोडणी

दव सुकल्यावर सुरू करायची आणि ऊन चढायच्या आत संपवायची. फेब्रुवारीत साडेदहापर्यंत चालतं, मार्चच्या उत्तरार्धात साडेनऊलाच हात आवरा. मणी 20-22 अंशांच्या आत असताना तुटला तर प्रीकूलिंगचं जवळपास एक तृतीयांश काम रात्रीच्या थंडीने फुकटात केलेलं असतं. ओला घड मात्र तोडू नका. ओलावा पेटीत गेला की पॅडमधला वायू भसाभस सुटतो.

मजुरांची टोळी सातला आली आणि क्रेट नऊला पोचले, हे आपल्याकडे दर हंगामात घडतं. क्रेट, तळाला घालायचे फोम आणि कात्र्या आदल्या संध्याकाळीच बागेत हव्यात. भरलेला क्रेट वेलीच्या सावलीतच ठेवा, बांधावर मांडू नका. मंडप दाट असेल तर खालची हवा बाहेरच्यापेक्षा चांगलीच गार असते.

गाडी झाकायला पांढरी किंवा चंदेरी ताडपत्री वापरा आणि ती क्रेटला टेकू देऊ नका, मध्ये वितभर हवा खेळू द्या. काळी ताडपत्री थेट क्रेटवर ओढली तर वरच्या थरासाठी तो तवाच. पलूस, कवठे महांकाळ, जत कुठूनही येणारी गाडी असो, तोडलेला पहिला क्रेट आणि प्रीकूलिंग सुरू होण्याची वेळ यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू नये. याचा अर्थ बारा टन एकदम तोडून आणण्यापेक्षा चार टनांच्या तीन खेपा बऱ्या. व्यापाऱ्याला हे आवडत नाही. त्याला एका गाडीत माल हवा असतो. इथे वाद घालावा लागतो, घाला.

पॅकहाऊसमध्ये

फार काही नाही. हॉल 18-20 अंशांवर ठेवा. बाया स्वेटर घालून बसल्या की समजा बरोबर आहे. आधी आलेला क्रेट आधी टेबलावर, हे पाळायला क्रेटच्या ढिगाला वेळेची चिठ्ठी लावा. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोकळ्या ओट्यावर पडून राहिलेले क्रेट, हा माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा सापडलेला दोष आहे. सुट्टीआधी नवे क्रेट उघडणं थांबवा, आणि बांधलेल्या पेट्या लगेच प्रीकूलिंगला सरकवा, चेंबर भरायची वाट बघत हॉलमध्ये थप्पी लावू नका.

अपेडाच्या (केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट या नोंदणी व्यवस्थेमुळे 2006 पासून प्रत्येक पेटीचा माग बागेपर्यंत लागतो. तोच प्लॉटचा क्रमांक तापमानाच्या वहीतही लिहा. उद्या एका पॅलेटमध्ये (फळीवर रचलेल्या पेट्यांच्या थप्पीत) कूज निघाली तर ती बागेची, की त्या दिवशीच्या उशिराची, हे दोन ओळी ताडून कळतं.

प्रीकूलिंग: इथेच खरी परीक्षा

बरेच जण प्रीकूलिंग म्हणजे ‘जरा जास्त थंड शीतगृह’ समजतात. ते तसं नाही. शीतगृहात हवा थप्पीभोवती फिरते, प्रीकूलिंगमध्ये ती पेटीच्या आतून, घडांमधून ओढून काढायची असते. उबदार पॅलेट नुसतं शीतगृहात ठेवलं तर मधल्या पेट्या गार व्हायला दीड-दोन दिवस लागतात. तेच काम ओढीच्या हवेने सहा ते आठ तासांत होतं.

मांडणी अशी. पेट्यांच्या दोन रांगा, मध्ये बोळ, बोळाच्या टोकाला पंखा. बोळाचं तोंड आणि माथा ताडपत्रीने बंद. पंखा बोळातली हवा ओढतो, मग चेंबरमधली गार हवा बाहेरच्या बाजूने पेट्यांच्या भोकांतून आत शिरते. हवा आळशी असते, तिला फट सापडली की ती पेटीतून जात नाही. ताडपत्री सैल असेल, पॅलेटखालची पोकळी उघडी असेल किंवा दोन थप्प्यांत चार बोटांची फट असेल तर पंखा रात्रभर फिरतो आणि फळ तसंच राहतं. फोमचे तुकडे खुपसून प्रत्येक फट बुजवा. तळहात फटीजवळ नेऊन बघा. वारा लागला तर ती गळती आहे.

पेटीची भोकं एकमेकांसमोर आली पाहिजेत. पेट्या थोड्या तिरक्या रचल्या तर अर्धी भोकं बंद होतात. आतलं प्लास्टिक लायनर भोकांवर पडलं असेल तरी तेच. या टप्प्यावर लायनरची तोंडं उघडी ठेवायची आणि सल्फरचे पॅड अजून घालायचे नाहीत.

आता वेळेचा हिशेब. समजा मणी 26 अंशांवर आत गेला आणि हवा 0 अंशांची आहे. पहिल्या टप्प्यात फरक अर्धा होतो: 26 चे 13. त्याला दोन तास लागले असतील, तर पुढचे दोन तास 13 चे 6.5 करायला, आणि त्यापुढचे दोन तास 6.5 चे 3.25 करायला. म्हणजे सहा तासांत आपण 4 च्या आत. हा हिशेब फार कामाचा आहे, कारण पहिल्या दोन तासांतच पुढचं भविष्य कळतं. दोन तासांनी 13 ऐवजी 18 दिसले तर आठ तासांतही 4 होणार नाही. त्याच वेळी उठून ताडपत्री, फटी आणि भरलेला माल तपासा. सकाळी कळून काही उपयोग नाही.

मोजायचं कुठे? हवा बाहेरून आत येत असल्यामुळे बाहेरच्या पेट्या आधी गार होतात आणि बोळाला लागून असलेल्या पेट्या सगळ्यात शेवटी, कारण तिथपर्यंत हवा वाटेतल्या फळांची उष्णता पिऊन पोचते. सुई तिथे घाला. पंख्यापासून लांबच्या टोकाला एक, मध्ये एक, वरच्या थराला एक. सगळ्यात गरम पेटी 4 अंशांच्या खाली आली की प्रीकूलिंग संपलं. सरासरी काढू नका. सरासरीने पेटी सडायची थांबत नाही.

एका हंगामात मी ज्या पॅकहाऊसमध्ये होतो तिथे भिंतीवरचा डिस्प्ले इमानदारीने 0.2 दाखवत असे. बोळाकडच्या पेटीतला मणी निघाला 5.8. सेन्सर कॉइलच्या, म्हणजे गार हवा फेकणाऱ्या, पंख्यासमोरच लटकवलेला होता. नऊ दिवसांचा माल तोवर त्याच आकड्यावर पुढे गेला होता. सेन्सर हलवायला खर्च आला एका क्लिपचा.

चेंबरची ताकदही बघून घ्या. 1 टन द्राक्षं 28 वरून 2 अंशांवर आणायला साधारण 95 मेगाज्यूल उष्णता काढावी लागते. सात तासांत सरासरीने हे जेमतेम 1 टीआरचं (टीआर म्हणजे यंत्राच्या थंड करण्याच्या ताकदीचं माप) काम दिसतं. पण निम्मी उष्णता पहिल्या दोनच तासांत बाहेर पडते, वर पंख्यांची, भिंतींची, दरवाजाची भर. टनाला दोन-अडीच टीआर हाताशी नसतील तर यंत्र पहिल्याच तासात दमतं आणि चेंबरची हवा 0 वरून 7-8 वर चढते. 5 टनांच्या चेंबरमध्ये 8 टन कोंबले तर आठ तासांचे चौदा होतात, आणि पुढची खेप बाहेर उभी राहून तापते. गर्दीच्या दिवसांत होणारा घोटाळा बहुतेक वेळा असाच सुरू होतो.

काम झालं की पंखा बंद करा. ‘असू दे चालू, आणखी गार होईल’ म्हणून रात्रभर चालवलेला पंखा देठ सुकवतो.

पॅड आणि लायनर

प्रीकूलिंग उरकलं की तिथेच किंवा गार अँटे-रूममध्ये (शीतगृहाला लागून असलेल्या खोलीत) पॅड घालायचा. यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, ओलाव्याशी गाठ पडली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. दुहेरी पॅडमध्ये एक थर पहिल्या काही दिवसांत जोरात वायू सोडतो, दुसरा पुढे आठवडेच्या आठवडे थोडा थोडा. उबदार पेटीत पॅड घातला तर ऊब आणि ओलावा मिळून पहिला थर एकदमच सुटतो. मग मण्याच्या देठाकडची बाजू पांढरी पडते, वासही लागतो, आणि पाचव्या आठवड्याला बुरशी अडवायला पॅडमध्ये काही उरत नाही. पॅड सरळ, छापील सूचनेत सांगितलेल्या बाजूने ठेवा, लायनर घडी घालून बंद करा.

हे काम बाहेरच्या हॉलमध्ये करू नका. 2 अंशांचा मणी 28 अंशांच्या, 40 टक्के आर्द्रतेच्या हवेत आला तर त्या हवेचा दवबिंदू 13 च्या आसपास असतो, मण्यावर लगेच दव धरतं. तो ओलावा लायनरमध्ये बंद केला की तो बाहेर पडायला वाट नाही.

शीतगृह

हवा 0 ते उणे 0.5 अंश, आर्द्रता 90 ते 95 टक्के. खाली किती जायचं याला मर्यादा आहे. गोड मणी उणे 2-3 पर्यंत टिकतो, पण देठात साखर कमी, तो आधी गोठतो. 16 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप) मालाला तर जास्तच जपावं लागतं. कॉइलच्या पंख्यासमोर हवा सेट पॉइंटपेक्षा, म्हणजे यंत्रावर लावलेल्या तापमानापेक्षा, थंड असते, तिथला वरचा थर उणे 1 च्या खाली जात नाही ना, हे स्वतः मोजून बघा.

पॅलेट भिंतीपासून वितभर लांब, छताखाली हवा फिरेल एवढी मोकळीक. दारात पट्ट्यांचा पडदा, आणि तो फोर्कलिफ्टवाल्याने गुंडाळून वर बांधलेला नसावा. प्रीकूलिंग न झालेलं पॅलेट ‘तात्पुरतं’ आत ढकलायचं नाही. त्याची ऊब आणि ओलावा शेजारच्या गार पेट्यांवर दव होऊन बसतो.

आटपाडी-जतची डाळिंबं त्याच खोलीत ठेवायचा मोह होतो, जागा रिकामी असली की. डाळिंबाला 5 अंशांच्या खाली थंडीची इजा होते, आणि सल्फरचा वायू त्याच्या कामाचा नाही. वेगळी खोली.

वीज गेल्यावर जनरेटर किती मिनिटांत यंत्रं उचलतो, हे लोडवर घेऊन तपासा, नुसता सुरू करून बघू नका. भरलेलं शीतगृह दार बंद असेल तर तासभर सहज तग धरतं. लाइट गेल्यावर ‘काय झालं’ बघायला दार उघडणारे लोकच जास्त नुकसान करतात.

कंटेनर भरताना

रिफर कंटेनर, म्हणजे थंडीचं यंत्र असलेला कंटेनर, माल थंड करत नाही, थंड ठेवतो. 6 अंशांचा माल आत भरला तर तो 0 ला यायला चार-पाच दिवस लागतात, मधल्या पेट्यांना आणखी. म्हणून भरायच्या वेळी मणी 1 अंशाच्या आत हवा. 2 च्या वर असेल तर गाडी उभी करा, माल परत ओढा. जहाज चुकेल म्हणून कोणी ओरडलं तर ओरडू दे. पुढच्या आठवड्याचं जहाज सापडतं.

रिकामा कंटेनर आला की आधी हे बघायचं: पीटीआयचा, म्हणजे प्रवासाआधीच्या तपासणीचा, कागद अलीकडचा आहे का, आत मासळीचा किंवा रसायनाचा वास नाही ना, जमिनीच्या टी आकाराच्या पट्ट्यांत कचरा अडकलेला नाही ना, पाणी जायची तोंडं मोकळी आहेत का. मग एक माणूस आत उभा करून दार लावा. आतून दाराच्या कडेने उजेड दिसला तर गॅस्केट (दाराची रबरी पट्टी) फाटकं आहे, कंटेनर बदलून मागा.

सेट पॉइंट स्वतः डोळ्यांनी वाचा. 0 की उणे 0.5, हे खरेदीदाराच्या लेखी सूचनेप्रमाणे. उण्याचं चिन्ह आणि सेल्सिअस-फॅरेनहाइट या दोन बारीक गोष्टींत मोठमोठे माल गेलेत. व्हेंट (बाहेरची हवा आत घ्यायची झडप) किती उघडं ठेवायचं ते बुकिंगच्या कागदाशी ताडा आणि आर्द्रता कमी करायची सोय बंद असल्याची खात्री करा.

भरायला शक्यतो पहाट किंवा रात्र निवडा. डॉक कंटेनरला घट्ट बसणारा असेल तर आधी कंटेनर गार करून घ्या. तसा डॉक नसेल तर गार करू नका, कारण दार उघडताच बाहेरची दमट हवा गार भिंतींवर पाणी होऊन टपकेल. आणि दार उघडं असेपर्यंत कंटेनरचं यंत्र बंद ठेवा. चालू असलं तर ते बाहेरची गरम हवा ओढून कॉइलवर बर्फ चढवतं. सगळं भरणं तासाभरात आटोपलं पाहिजे. त्यासाठी पॅलेट अँटे-रूममध्ये क्रमाने उभी असावीत. शोधाशोध तिथे नको.

आतल्या हवेची वाट लक्षात ठेवा: गार हवा जमिनीच्या पट्ट्यांखालून दारापर्यंत येते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून यंत्राकडे परत जाते. म्हणून आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर पेटी गेली की परतीची वाट बंद. दाराजवळ जमिनीचा भाग उघडा राहिला तर सगळी हवा तिथूनच वर पळते, आतल्या पॅलेटपर्यंत दाब पोचतच नाही. शेवटच्या पॅलेटपुढची उघडी जमीन आणि पॅलेटखालची मोकळी तोंडं जाड पुठ्ठ्याने झाका. दहा रुपयांचा पुठ्ठा, आणि माझ्या मते अख्ख्या साखळीतली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. तरी दहातल्या निम्म्या कंटेनरमध्ये तो विसरलेला असतो.

प्रत्येक पॅलेटच्या किमान तीन पेट्यांमध्ये मण्याचं तापमान मोजा आणि चालकासमोर कागदावर लिहा, त्याची सही घ्या. फोटोत थर्मामीटर आणि पॅलेटचा क्रमांक दोन्ही यावेत.

लॉगर, म्हणजे प्रवासभर तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, दोन तरी ठेवा. एक दाराकडच्या पॅलेटमध्ये डोळ्याच्या उंचीवर, दुसरा मध्यावर. यंत्रासमोरच्या पेटीत ठेवला तर सगळा प्रवास छानच दिसेल. बटण दाबून दिवा लुकलुकला का ते बघा. सुरूच न केलेला लॉगर रॉटरडॅमपर्यंत जाऊन आलेला मी पाहिलाय. क्रमांक पॅकिंग लिस्टमध्ये लिहा, आणि लॉगरचं घड्याळ जीएमटीवर आहे की भारतीय वेळेवर, तेही. साडेपाच तासांच्या या फरकावर नंतर फार भांडणं होतात.

तासगाव ते उरण (न्हावा शेवा)

दार लागलं, सील पडलं की यंत्र सुरू करा आणि अर्धा तास गाडी अंगणातच उभी ठेवा. आकडा खाली येताना स्वतः बघा, मग सोडा.

पुढे साडेतीनशे-चारशे किलोमीटर जनसेटच्या, म्हणजे कंटेनरच्या यंत्राला वीज देणाऱ्या डिझेल जनरेटरच्या, भरवशावर. तासाला साधारण तीन लिटर डिझेल धरा आणि फक्त प्रवासाचे नाही, बंदराबाहेरच्या रांगेचेही तास मोजा. खंबाटकीची कोंडी, पुण्याबाहेरची गर्दी, त्यात एखादा अपघात झाला तर बारा तासांचे वीस होतात. चालकाला ढाब्यावर जनसेट बंद करण्याची सवय असेल तर त्याच्याशी निघण्याआधीच बोला. दम देण्यापेक्षा डिझेलचा हिशेब आपल्याकडे घेतलेला बरा, वाचवण्यात त्याला फायदाच उरत नाही. दर चार तासांनी डिस्प्लेचा फोटो व्हॉट्सअॅपवर, वेळेसह. फोटोत सेट पॉइंट, जाणारी हवा आणि परतीची हवा तिन्ही हवेत.

बंदरात आत गेल्याची वेळ आणि प्लग लागल्याची वेळ या दोन वेगळ्या वेळा आहेत. दुसरी मागून घ्या. त्या मधल्या वेळात कंटेनर उन्हात विजेशिवाय उभा असतो.

लॉगरचा आलेख वाचताना

माल पोचल्यावर आलेख येतो, तेव्हा बहुतेक जण सगळ्यात मोठा आकडा शोधतात. आकार बघा.

ठरावीक अंतराने येणारी बारीक टोकं म्हणजे डीफ्रॉस्ट (यंत्र कॉइलवरचा बर्फ वितळवतं ती वेळ), त्यांची काळजी नको. पहिल्या दिवशी 5 वर असलेली रेघ तीन-चार दिवसांत हळूहळू 0 कडे उतरत असेल तर माल गरम भरला होता, दोष आपल्या पॅकहाऊसचा, शिपिंग लाइनला पत्र लिहू नका. पहिल्या वीस तासांतच एखादा उंचवटा असेल तर जनसेट किंवा प्लग-इन. वेळ चालकाच्या फोटोंशी ताडा. दिवसा वर, रात्री खाली अशी लाट चालत असेल तर गॅस्केट, व्हेंट नाहीतर दमलेलं यंत्र. लाइनकडून कंटेनरची स्वतःची नोंद मागवा. तीत जाणारी हवा बरोबर 0 ला आणि परतीची हवा आठवडाभर 3-4 ला दिसत असेल, तर यंत्र ठीक आहे आणि हवा मालातून जात नाहीये. अशा वेळी लोडिंगच्या वेळचे फोटो शोधून काढा आणि दाराजवळचा पुठ्ठा दिसतो का बघा.